समुद्र कधीच न पाहिलेली तीस माणसं गणपतीपुळ्याला नेतोय, भरती-ओहोटीचं काय पाहायचं?

आर्णीकर

राम राम मंडळी. सोयाबीन घरात आलं, कापसाची पहिली वेचणी उरकली की आमचं भजनी मंडळ दरवर्षी कुठंतरी निघतं. पंढरपूर, शेगाव, माहूर सगळं होऊन गेलं. यंदा बायांनी हट्टच धरला, समुद्र दाखवा म्हणून. नागपूर-रत्नागिरी महामार्ग आमच्या आर्णीवरूनच जातो, तोच धरायचा. नांदेड, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूरची अंबाबाई, मग अंबा घाट उतरून गणपतीपुळे. मार्गशीर्षातली मोक्षदा एकादशी पुळ्याला करायची, असं म्हाताऱ्या मंडळींनी ठरवूनच टाकलं आहे.

तीसेक जण आहोत. निम्म्याहून जास्त पन्नाशी-साठीच्या बाया, सात-आठ शाळकरी लेकरं आणि चार-पाच तरणे पोट्टे. हे पोट्टे उन्हाळाभर अरुणावतीत उड्या मारतात, त्यांना वाटतं समुद्र म्हणजे मोठं धरण. गाडीतल्या एकानंही समुद्र पाहिलेला नाही, मी धरून.

विचारायचं हे की भरती-ओहोटीची वेळ आधी कशी समजते? पाण्यात पाय घालायला भरती बरी की ओहोटी? आणि पोहता येणाऱ्या पोट्ट्यांना काय सांगून आवरायचं? "जाऊच नका" असं कोणी लिहू नका राजेहो, गाडीचा इसार देऊन झाला आहे.

वरुडची_लेक

या या! माहेर वरुड, सासर मालगुंड, म्हणजे पुळ्याच्या अगदी शेजारी. आमच्याकडचं कोणी इकडं येतंय म्हटल्यावर राहवलं नाही.

भरतीची वेळ काढायला मोबाइलही लागत नाही. घरातल्या भिंतीवर कॅलेंडर आहे ना, त्यात तिथी पाहा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. माझ्या सासऱ्यांना घड्याळाशिवाय हे पाठ आहे.

हे गणित मुंबईच्या बाजूला चांगलं जमतं. इकडं रत्नागिरीला भरती मुंबईपेक्षा तासभर आधी येते. तुमची एकादशी म्हणजे अकराची पाऊणपट सव्वाआठ, त्यातून तास वजा करा. सकाळी सव्वासातच्या आसपास पूर्ण भरती, दुपारी दीडला पूर्ण ओहोटी आणि संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास पुन्हा भरती. पंधरा-वीस मिनिटं इकडंतिकडं होतील. नक्की आकडे हवे असतील तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरही मिळतात. निघायच्या आदल्या दिवशी पाहून घ्या.

निवृत्त_मास्तर_दारव्हा

पाऊणपटीचा नियम कुठून आला तेही सांगतो, म्हणजे घोकावा लागणार नाही.

शाळेत आपण सांगतो, चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते. मग वर्गातलं एखादं हुशार पोरगं विचारतं, चंद्र तर एकाच बाजूला असतो, मग भरती दोनदा कशी? प्रश्न एकदम बरोबर. चंद्राची ओढ जवळ जास्त, लांब कमी. चंद्राकडच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा त्याला जवळ असतं म्हणून ते जास्त ओढलं जातं. पलीकडच्या बाजूचं पाणी मध्यापेक्षा लांब, त्याला ओढ कमी पडते आणि ते मागं राहतं. दोन्ही बाजूंना फुगवटा आला, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा दोन्हींखालून जातो. न्यूटननं १६८७ साली ही मांडणी केली.

आता पृथ्वी एक फेरी मारते तेवढ्यात चंद्र थोडा पुढं सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला २४ तास ५० मिनिटं लागतात. म्हणून भरती दर दिवशी साधारण ५० मिनिटं उशिरा. तिथी एक, उशीर पाऊण तासाच्या जवळपास. कोकणातल्या माणसांनी त्याचंच पाढ्यात रूपांतर केलं.

सूर्यही ओढतोच. तो चंद्रापेक्षा प्रचंड मोठा, पण लांब इतका की त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात, भरती फार वर येते आणि ओहोटी फार खाली जाते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीला दोघं काटकोनात, पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही, तो भांग. सर्वांत मोठं उधाण नेमकं पौर्णिमेला न येता बहुधा एक-दोन दिवसांनी येतं. तुमची एकादशी दोन्हींच्या मधली आहे, पाण्याचा खेळ मध्यम राहील. दत्तजयंतीपर्यंत मुक्काम लांबला तर मात्र पौर्णिमेचं उधाण गाठेल.

फुगवट्याचं चित्र मात्र फळ्यापुरतं. खऱ्या समुद्राला किनारे आहेत, खोल-उथळ तळ आहे, आखातं आहेत. त्यामुळं चेन्नईला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर, रत्नागिरीला उधाणात दोन-अडीच मीटर, मुंबईला पाचाच्या घरात, आणि खंबातच्या आखातात पाणी निमुळत्या जागेत शिरतं म्हणून दहा मीटरपर्यंत. म्हणजे तीन मजली घर बुडेल एवढं पाणी सहा तासांत येतं आणि जातं.

ढिवर_भंडारा

मास्तर, तुमचं सारं बरोबर. पण मले एक सांगा, पाणी ते पाणीच ना? आमी वैनगंगेच्या काठचे लोक. पुरात डोंगा घालतो, जाळं टाकतो, बुडालेला माणूस काढाले पोलीस आमालेच बोलावते. ज्याले नदी येते त्याले समुद्र कावून नाई येनार? आर्णीकर भाऊ, तुमच्या पोट्ट्यायले उगाच घाबरवू नका.

माजी_नौसैनिक_अकोला

ढिवरभाऊ, तुमच्या कसबाला सलाम. पूर आलेल्या नदीत उतरणं नौदलातल्या कित्येकांनाही जमणार नाही. पण तुमच्यासारखा पट्टीचा पोहणाराच समुद्रात लवकर फसतो, आणि त्याचं कारण नदीची सवय हेच आहे.

नदीला दोन काठ असतात. धार तुम्हाला खाली नेते, पण कधी ना कधी काठाला लागता. समुद्राला काठ एकच आणि तो तुमच्या पाठीमागं. तिथली धार खाली नेत नाही, सरळ आत नेते.

ही आत नेणारी धार कशी तयार होते ते समजून घ्या. लाटा एकामागून एक पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते पाणी परत तर जाणारच. पण लाटा फुटतात त्या ठिकाणी पाण्याखाली वाळूचे लांब बांध असतात. पावसात शेताचा बांध एका जागी फुटला की साचलेलं सगळं पाणी त्याच फटीतून सुसाट निघतं ना, तसं इथं वाळूच्या बांधात जिथं खळगा असेल तिथून किनाऱ्यावरचं पाणी अरुंद वाटेनं समुद्रात परत पळतं. इंग्रजीत याला रिप करंट म्हणतात. वेग एरवी सेकंदाला अर्धा-एक मीटर, पण लाटा मोठ्या असल्या की दोन मीटरच्याही वर जातो. जगातला सर्वांत वेगवान पोहणारा ५० मीटरला वीस-एकवीस सेकंद घेतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम अडीच मीटर, तेही तलावात आणि तेवढाच वेळ. आता तुमच्या पोट्ट्यांनी त्या धारेच्या उलट दिशेनं हात मारले तर काय होईल? दोन-चार मिनिटांत दम संपेल. माणूस मरतो तो दम संपून. ही धार खाली ओढत नाही, वरच्या वर बाहेर नेते, आणि लाटा फुटण्याच्या पट्ट्याच्या पलीकडं गेली की तिचा जोर ओसरतो.

सापडलाच कोणी तर किनाऱ्याकडं झुंजू नये. पाठीवर पडून तरंगायचं, खाऱ्या पाण्यात अंग नदीपेक्षा जास्त तरंगतं. एक हात वर करून हाका मारायच्या. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत धारेच्या बाहेर यायचं आणि जिथं पांढऱ्या लाटा फुटताहेत तिथून तिरपं आत यायचं.

ढिवर_भंडारा

हे पटलं. नदीतल्या भोवऱ्यातबी असंच हाय. जो हातपाय झाडते तो जाते, जो अंग सोडते त्याले भोवराच बाहेर फेकते. आमच्या बापानं लहानपनीच शिकवलं होतं. पन ते फट वरून दिसते का? नदीत आमाले डोह रंगावरून समजते.

माजी_नौसैनिक_अकोला

दिसते, आणि रंगावरूनच. किनाऱ्यावर थोड्या उंच जागी उभं राहून पाच-दहा मिनिटं नुसतं पाहायचं. दोन्हीकडं पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मध्येच एका पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी गडद किंवा गढूळ दिसतं, फेस आणि कचरा किनाऱ्याकडून आत सरकतो, ती फट. गंमत अशी की नवख्या माणसाला तोच पट्टा सर्वांत शांत वाटतो. लेकरं घेऊन आलेली माणसं बरोबर तिथंच उतरतात.

बऱ्याच किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी ही फट जास्त जोर धरते, कारण पाणी उथळ झालं की सगळा परतीचा प्रवाह खळग्यातूनच जातो. आर्णीकरांनी विचारलं होतं भरती बरी की ओहोटी, त्याचं हे अर्धं उत्तर. ओहोटीत समुद्र मागं सरकलेला, गरीब दिसतो, माणसं त्याच्यामागं आत आत चालत जातात. पण भरतीत धोका नाही असंही कोणी समजू नये.

पावसाळ्यातच समुद्र घात करतो हाही गैरसमज. रायगडातल्या मुरुडला २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले, तेव्हा फेब्रुवारी महिना होता. आकाश निरभ्र असतानाही लाटा अचानक मोठ्या होऊ शकतात. दक्षिण हिंदी महासागरात कुठंतरी वादळ होतं आणि त्याच्या लाटा हजारो किलोमीटर चालून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर आदळतात. इथं वाऱ्याची झुळूक नसते. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात. इन्कॉइस याचा इशारा आधी देतं, बातम्यांत येतो. तो असेल त्या दिवशी देवदर्शन करून वाळूवर बसायचं.

वरुडची_लेक

भरतीचं उरलेलं अर्धं मी सांगते. आमच्याकडं पर्यटक फसतात ते खडकांवर.

पाणी एका चालीनं चढत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात अगदी थोडं चढतं, मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी भरती येते, शेवटच्या तासात पुन्हा हळू. ओहोटीला माणसं खडकावर जातात, तासभर पाहतात, पाणी तिथंच आहे असं वाटतं, मग सेल्फी आणि शेंगदाणे. तेवढ्यात मधले दोन तास सुरू होतात आणि मागची खोलगट वाट आधी भरते. पुढं समुद्र, मागं कमरेएवढं पाणी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत पायी जाता येतं, तिथंही वेळ चुकवणाऱ्यांना मग होडीच धरावी लागते.

तुमच्या दिवशी हे मधले दोन तास दुपारी साडेतीन ते साडेपाच पडतात. म्हणजे जेवण-झोप आटोपून गाड्या किनाऱ्यावर येतात नेमकी तीच वेळ. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची, काटक्यांची एक लांब रेघ दिसेल. आदल्या भरतीचं पाणी तिथवर आलं होतं. चपला, पिशव्या, आजीबाई सगळं त्या रेघेच्या वर. लेकरांनी खडकावर जायचंच असेल तर दीडच्या आत जाऊन, पाणी वळलं की परत.

आणि पुळ्याच्या देवळासमोरच्या समुद्राबद्दल खास सांगते. तिथं पाटी लावलेली आहे, पोहू नका म्हणून. तळ एकसारखा नाही, दोन पावलांवर गुडघा आणि तिसऱ्यावर छाती असं होतं. लाट परत जाताना तळपायाखालची वाळू काढून नेते, उभ्या माणसाचा तोल जातो. पोट्ट्यांना पाटीसमोर उभं करून मोठ्यानं वाचायला लावा.

पुसदचा_पप्या

आमच्या वर्गातला एक जण म्हणायचा, समुद्र पंधरा दिवसांत एकदा आत जातो आणि सगळे मासे बाहेर राहतात, मग लोक पोत्यानं भरून आणतात. कॉलेजला मुंबईला जाईपर्यंत मी हेच खरं मानून होतो.

निवृत्त_मास्तर_दारव्हा

पप्या, अगदीच खोटं नाही रे. ओडिशात चांदीपूरला ओहोटीत पाणी चार-पाच किलोमीटर आत जातं, किनारा इतका सपाट आहे. लोक त्या ओल्या वाळूत चालत जाऊन खेकडे-शिंपले वेचतात. फक्त ते पंधरा दिवसांनी न होता रोज दोनदा होतं.

गोंदियाकर

आमच्याकडून समुद्र म्हटलं की लोक कोकणात कमी आणि विशाखापट्टणम नाहीतर जगन्नाथपुरीला जास्त जातात, रेल्वे सोयीची पडते. त्या बाजूचं दोन शब्द लिहितो, धागा वाचून कोणी तिकडं निघेल.

पूर्व किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक कमी, म्हणून लोकांना वाटतं समुद्र सौम्य आहे. पुरीला उलट आहे. किनाऱ्याचा उतार तीव्र, लाट एकदम पायाशी येऊन फुटते आणि जाताना खेचते. तिथं टोपी घातलेले स्थानिक कोळी, त्यांना नुलिया म्हणतात, पैसे घेऊन हात धरून आंघोळ घालतात. ते पैसे वाचवू नका.

दुसरं म्हणजे पंचांगात बसत नसताना समुद्र भलताच मागं गेला, तळ उघडा पडला, मासे तडफडताना दिसले तर पाहायला पुढं जायचं नाही, उंच जागेकडं पळायचं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कित्येक ठिकाणी आधी असंच झालं. त्सुनामी भरतीचा प्रकार नाही, ती समुद्राच्या तळाशी झालेल्या भूकंपानं येते.

आर्णीकर

लय माहिती मिळाली, मी हे सगळं वहीत उतरवून घेत आहे. गावातल्या एका काकांनी विचारलं ते विचारतो, हसू नका. चंद्र समुद्र ओढतो तर आमच्या विहिरीचं पाणी का ओढत नाही? लोणारच्या सरोवराला भरती येते का?

निवृत्त_मास्तर_दारव्हा

काकांना नमस्कार सांगा. भरती येते ती दोन जागांवरच्या ओढीत फरक पडतो म्हणून. समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला आहे, त्याच्या एका टोकाला ओढ वेगळी आणि दुसऱ्याला वेगळी. लोणारचं सरोवर जेमतेम सव्वा किलोमीटर, दोन्ही काठांना ओढ जवळपास सारखीच. फरकच नाही तर पाणी वाहणार कुठून कुठं? विहीर तर त्याहून लहान.

पण चंद्र आर्णीला मोकळं सोडतो असंही नाही. जमीनसुद्धा थोडी लवचिक आहे. दिवसातून दोनदा ती वीस-तीस सेंटिमीटर वर येते आणि खाली जाते. काकांचं शेत, विहीर, गोठा, बैल सगळं एकदम उचललं जातं म्हणून कोणाला कळत नाही. खोल खडकात दाबाखाली अडकलेलं पाणी असतं, तशा बोअरमध्ये यंत्र सोडलं तर या हालचालीमुळं पातळी काही सेंटिमीटर वरखाली होताना नोंदता येते. उघड्या विहिरीत नाही दिसणार.

आर्वीची_सिस्टर

सरकारी दवाखान्यात नर्स आहे. इथं नदी-तलावात बुडालेले पेशंट येतात, त्यावरून लिहिते.

पहिलं, बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, श्वास घ्यायचीच मारामार, हाक कुठून मारणार? हात बाजूला पसरून पाणी दाबत असतो आणि बाजूच्याला वाटतं खेळतोय. म्हणून लेकरू हाताच्या अंतरावर पाहिजे. "मी पाहत होतो काठावरून" याला अर्थ नाही.

दुसरं, एक बुडाला की त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, असे घरातले तिघे-चौघे जातात. आपल्याकडं तलावांवर हेच होतं. आत उडी न मारता दोर, रिकामा कॅन, ट्यूब, साडीचं टोक, जे असेल ते फेकायचं. बसमध्ये झाकण घट्ट लावलेले रिकामे पाच-दहा लिटरचे कॅन आणि लांब दोर ठेवा. किनाऱ्यावर जीवरक्षक असेल तर आधी त्याला हाक. फोन ११२, तटरक्षक दलाचा १५५४, रुग्णवाहिकेला १०८.

तिसरं, बाहेर काढल्यावर उलटं टांगायचं, गरगर फिरवायचं, पोट दाबायचं, हे सगळं बंद. पोटातलं पाणी काढायच्या नादात वेळ जातो आणि उलटी फुप्फुसात जाते. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा. श्वास नसेल तर डोकं मागं करून, नाक दाबून तोंडानं दोनदा श्वास द्या, मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी ३० दाब, पाचेक सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं. मग पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.

आणि आर्णीकर भाऊ, एकादशी आहे ना? तुमच्या बायांमध्ये शुगरवाल्या असतीलच. उपास, ऊन, वाळूत चालणं आणि वरून इन्सुलिन किंवा गोळी नेहमीएवढीच, तर चक्कर येऊन पडतील. पाण्याच्या काठावर चक्कर म्हणजे काय ते सांगायला नको. डॉक्टरांना आधी विचारून डोस ठरवा, खिशात साखर ठेवा. त्यांच्या पायाला संवेदना कमी असते, शिंपल्यानं कापलेलं कळत नाही. चपला घालूनच पाण्याजवळ.

ट्रॅव्हल्सवाला_यवतमाळ

दोन ओळी गाडीबद्दल. पोट्टे ड्रायव्हरला भरीला घालतात की गाडी वाळूवर घे, रील काढू. ओली वाळू वरून सिमेंटसारखी कडक दिसते, चाक थांबलं की खाली बसते. मग भरती येते आणि ट्रॅक्टर शोधत फिरा. अलिबागपासून दापोलीपर्यंत अशा बुडालेल्या गाड्यांच्या बातम्या दर मोसमात येतात. गाडी डांबरावरच. आणि ज्याच्या पिशवीत बाटली सापडेल त्याला किनाऱ्यावर उतरवायचंच नाही, गाडीतच बसवायचं. हा नियम मी घाटाच्या आधीच सांगून टाकतो.

ढिवर_भंडारा

पोट्ट्यायले आवरायची युक्ती मी सांगतो. त्यायलेच राखनदार करा. एकेकाच्या हाती दोन-दोन लेकरं द्या आन म्हना, हे तुह्या जिम्म्यावर. ज्याले राखन करायची असते तो स्वतः आत जात नाई. आमी गणपती विसर्जनाले असंच करतो, जो सर्वांत वांड त्याच्याच हाती दोर देतो.

आर्णीकर

हे एक नंबर. एक पोट्टा तर आत्ताच म्हणाला, मी कॅनचा दोर धरतो.

मग असं ठरवलं आहे. दशमीला रात्री मुक्कामी पोचायचं. एकादशीला सकाळी दर्शन आणि डोंगराची प्रदक्षिणा, कारण तेव्हा भरती भरलेली असणार. साडेअकराच्या पुढं पाणी उतरलेलं असताना वाळूवर, पाय भिजवायला घोट्यापर्यंत, फार तर पिंडरीपर्यंत, तेही आधी दहा मिनिटं उभं राहून फट कुठं आहे ते पाहून. दीडला खडकावरून सगळे खाली. संध्याकाळी सूर्य बुडताना रेघेच्या वर बसून हरिपाठ. अंधार पडला की पाण्याकडं कोणीच नाही.

वरुडच्या ताई, बायांना नऊवारी नेसूनच पाय भिजवायचे आहेत. चालेल का?

वरुडची_लेक

वेळापत्रक छान आहे. फक्त साडेअकरा ते दीड ऊन डोक्यावर असतं, डोक्याला पदर-रुमाल आणि पाणी प्यायला लावा. ऐन ओहोटीला फटीचा जोर जास्त, तेव्हा तुम्ही म्हणता ती पिंडरी म्हणजे पिंडरीच, गुडघा नाही.

नऊवारी काचा मारलेली असेल तर पाचवारीपेक्षा बरी, पायात येत नाही. पण भिजली की जड होते, म्हणून बसून लाटा अंगावर घ्यायचा हट्ट नको. दोघी-दोघींनी हात धरून उभ्या राहायचं, समुद्राकडं पाठ करायची नाही. फोटोसाठी सगळ्यांची पाठ समुद्राकडंच होते, तेव्हा फोटो काढायचे ते कोरड्या वाळूवर.

वाळूत निळसर फुग्यासारखं, मागं दोरे असलेलं काही पडलेलं दिसलं तर लेकरांना हात लावू देऊ नका, मेलेलं असलं तरी डसतं. डसलंच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, दोरे काडीनं काढायचे आणि आग थांबली नाही, श्वासाला त्रास झाला तर दवाखाना.

एकादशीचा फराळ इथं मिळेल, साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात. पण आमच्याकडं सगळ्यात ओलं खोबरं पडतं. तुमच्या म्हाताऱ्यांना दाण्याचा कूट आणि लाल तिखट लागत असेल तर घरून आणा. आणि माझ्यासाठी जमलं तर किलोभर तुरीची डाळ, यंदाची.